पावणेसात

बी आलं कुन्नूरहून, भाचीच्या पत्रात,
गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात,
मोहरीहून बारीक, नखाखाली हरवणारं.
ती तिकडे नर्सिंग शिकते. लिहिलं होतं,
मामा, हे संध्याकाळी उमलतं. वर माती लोटू नका,
उजेड दिसल्याशिवाय याच्या बीला जाग येत नाही.

मी म्हणालो, म्हणजे माझ्या उलट.

रंगखात्यातलं निळं पिंप अर्धं कापून आणलं.
सात पाण्यांनी धुतलं, आठवंही निळसर आलं.
नळ पाचव्या दिवशी येतो आमच्याकडे, येईल तेव्हा येतो,
राजमणी आठव्या पाण्याकडे बघत राहिली,
बोलली काही नाही.

माती इथली काळी.
ओली झाली की सोडत नाही, वाळली की फाटते.
तिच्यात निम्मी वाळू, थोडा विटेचा चुरा,
तापल्या सळईनं पिंपाच्या बुडाला पाच भोकं.
बी नुसतं पसरलं, वरून तळहात दाबला,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दिवाळीनंतरची गोष्ट ही.
मग नुसती पानं. मातीला चिकटून, गोल,
बशीएवढी, पुढे ताटाएवढी.
गड्ड्याची जत्रा भरली, उठली,
पोरगी आकाशपाळण्यात बसून आली,
झाड बसलेलंच.
शेजारची अंबक्का विचारायची, चाकवत आहे का, खुडू?
राजमणी म्हणायची, पाहुणं आहे,
पाय पसरून बसलंय.

मे महिन्यात पत्रा हात लावू देईना.
पानांच्या कडा विडीच्या पानासारख्या कुरकुरीत.
कारखान्यातून दोन बाद टॉवेल मागून आणले,
एकाचा काठ वाकडा, एकावर तेलाचा डाग,
त्यांचा मांडव केला पिंपावर.
तांदूळ धुतलेलं पाणी, पेलाभर, एक दिवसाआड.
जास्त घातलं तर मूळ कुजतं, भाचीनं बजावलेलं.
जास्त कुठून घालणार, ते तिला ठाऊक नव्हतं.

श्रावणात मावा पडला.
राजमणीनं सुपातली तंबाखूची धूळ रात्रभर भिजवली,
फडक्यानं गाळून पानापानाला पुसली.
ज्या धुळीनं ती वर्षभर खोकते
तिनं दोन दिवसांत मावा गेला.

आणि दुसरी थंडी सरताना
मधून एक दांडा उठला,
कुणी हाक मारल्यासारखा, सरळ.
कमरेएवढा झाला. कळ्या धरल्या, लांब,
चातीवर सूत गुंडाळावं तशा पिळाच्या.

माझी रातपाळी सातला.
पावणेसातला सायकल काढतो.
त्या दिवशी राजमणीनं हँडल धरलं. थांब, म्हणाली,
उमलताना आवाज येतो याचा.
चोवीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा मी,
उजवा कान गेला, डावा उरलाय भांडणापुरता.
ती वाकून ऐकत होती, तोंड उघडं ठेवून,
पोरगी ऐकत होती.
विनिपिंचिंदा? ऐकू आलं? विचारलं तिनं,
आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आलं.

माझं बोट धरून तिनं कळीवर टेकवलं.
ताणा तुटायच्या आधी
धागा बोटाला सांगतो, तेवढंच,
एक बारीक हिसका,
मग दुसरा,
आणि हिरवं मागे वळलं, पिवळं सुटलं,
माझ्या बोटाखाली,
ओलं, लिंबाच्या फोडीसारखं गार.

अजून तीन कळ्या होत्या. थांबलो.
एक पाकोळी कुठूनशी आली, पिंपाभोवती फिरली.
शेवटची कळी अर्ध्यावर अडली होती,
पोरगी फुंकर घालू लागली, तिला ओरडलो.

सकाळी परत येईन तेव्हा
ही फुलं पिळून टाकल्यासारखी लोंबतील, नारिंगी पडलेली,
त्यांची झोपायची वेळ, माझीही.

कारखान्यात पोचलो, सात वीस.
मुकादम दारातच. काय रे, दासरी?
नळ आला होता, म्हणालो.
सोलापुरात यावर कोणी पुढचं विचारत नाही.