तीस मिलिअँप

रबाळ्यात, दुसऱ्या गेटातून डावीकडे
जाळीची खोली आहे, ते माझं स्टोअर.
ग्राइंडर देतो, ड्रिल देतो,
नावाचा बिल्ला खिळ्याला टांगून घेतो.

देण्याआधी वायर बोटांतून सोडतो,
गोठिवलीतले कोळी जाळं चाचपतात तशी.
चिरली का, वितळली का.
चिकटपट्टी लागली की माझं डोकं फिरतं.
चिकटपट्टी म्हणजे कुणीतरी खोटं बोललेली जागा.

मग प्लगचे पाय मोजतो.
तिसरा, जाडा, बऱ्याचदा पक्कड लावून तोडलेला असतो.
सॉकेट दोनाचं होतं, काय करणार, म्हणतात.
मशीन तरी फिरतंच.
त्या जाड्या पायाची हीच तर पंचाईत,
तो नसला म्हणून कुणाचं काही अडत नाही
कित्येक महिने.

रामसूरत म्हणाला, जरा झिणझिण्या येतात,
होते सवय.
मी ड्रिल काढून घेतलं, लाल पट्टी बांधली.
तो आठवडाभर बोलला नाही.
त्याचे पैसे नगावर होते, मला ठाऊक होतं.

टाकीच्या पोटात उतरायचं तर चोवीस व्होल्टचा दिवा.
उजेड कमी, म्हणून शिव्या मला.
घामेजलेला माणूस लोखंडाला टेकून बसला
की तोही वायरच, फक्त सोललेली.

शेडमागे सिमेंटच्या झाकणाखाली खड्डा आहे.
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ, मधून तांब्याची पट्टी.
मे महिन्यात रोज दोन बादल्या ओततो.
इथेच कुठेतरी आमच्या आजाचं मिठागर होतं;
चुलता म्हणतो ट्रान्सफॉर्मरखाली,
बाप म्हणायचा सायकल स्टँडपाशी.
आजा म्हणायचा, सुकी जमीन बहिरी, पोरा, पानी दाव तिला.
माझा मीटर तेच सांगतो, ओहममध्ये.
मीठ मात्र आता किराणा दुकानातून आणतो.

मंगळवारी पावणेचारला चार नंबरची लाइन गेली.
घरत सुपरवायझर लांबूनच ओरडले,
तो डबा बाद झालाय, डायरेक्ट टाक!
डब्यात तीस मिलिअँपचं ते बोटभर यंत्र,
त्याचं बटण खाली पडलेलं.
मी हात लावला नाही. आधी माणसं बघितली.

भार्गव ठोंबरे, आयटीआयचा पोरगा, कूलंटच्या थारोळ्यात उभा,
स्वतःच्या तळहाताकडे बघत,
तिथे कुणी काही लिहून गेल्यासारखा.
काका, काहीतरी चावलं.

ग्राइंडर उघडला. आतली वायर सुटून धातूला टेकलेली.
तीन पाय शाबूत, सकाळी मीच मोजलेले.
पण मधलं एक्स्टेन्शन माझ्या खोलीतलं नव्हतं,
त्यातली हिरवी वायर कुणीतरी कापून आत दडपलेली.
सकाळी त्याच्यावरून मी दोनदा ओलांडून गेलो होतो.

रजिस्टरात लिहिलं: वेळ, मशीन, कारण.
नुकसान: अकरा मिनिटं.
जे झालं नाही त्याला रकाना नाही.
घरतांनी सही केली, पेन परत द्यायचं विसरले.

आता दर सोमवारी चहाच्या आधी
मी स्वतःच ते तपासणीचं बटण दाबतो.
टक्.
पंखे मंदावतात, सगळी शेड एकदम ओरडते,
कोण रे तो!
मी लगेच चालू करत नाही.
रामसूरतची शिवी येते, दोन नंबरच्या बायकांचं हसणं,
भार्गवचा अजून फुटणारा आवाज.
सगळे आले की मग खटका वर करतो.