वाटा

शुक्रवारी सव्वानऊला
म्हापशाच्या बाजारात मी भाव विचारतो.
विकत काही घेत नाही.
"बांगडा, ताजा, मध्यम, एक किलो"
असं अर्जावर छापलेलं आहे,
आणि एस्पेरांसा सव्वीस वर्षांत
किलो हा शब्द तोंडातून काढत नाही.
तिच्याकडे वाटे असतात.
केळीच्या पानावर बांगडे, शेपट्या एका बाजूला.
दोनशे.

गेल्या महिन्यातही दोनशे.
त्याच्या आधीच्याही.
माझ्या रकान्यात दोनशेखाली दोनशे,
मुंग्या थांबल्यासारखे.
पणजीहून फोन आला :
आकडा हलत नाही तुमचा,
तुम्ही बाजारात जाता ना खरंच?

जातो, बाई.
आकडा हलला नाही, बांगडे हलले.
पावसाआधी सात होते,
चवथीला सहा,
आता पाच, त्यातला एक करंगळीएवढा.

मग मी काटा घेऊन गेलो.
एस्पेरांसा हसली, बाजूच्या दोघींना बोलावलं,
सगळ्यांनी मिळून वाटा काट्यावर चढवला
जावळं काढायला मूल बसवावं तसा.
सहाशे चाळीस ग्रॅम.
किलोला तीनशे बारा.
ते लिहिलं, तर संगणकाने परत पाठवलं :
एका महिन्यात एवढी वाढ संभवत नाही.
हळूहळूच झाली ती, मी कळवलं,
मीच एकदम पाहिली.

पोदेर मिंगेलचंही तसंच.
उंड्याचा दर सरकारने बांधलाय,
पण सरकारने उंडा हातात धरून पाहिलेला नाही.
हल्ली त्याची टोपली
वळणावर वाऱ्याने हलते.

पेयांच्या यादीत चहा आहे, कॉफी आहे,
बाटलीतलं रंगीत पाणी आहे.
हुर्राक नाही.
तो पलीकडच्या गटात, विडीकाडीच्या शेजारी बसवलाय;
एप्रिलमध्ये ऑफिसातले सगळे
त्याच गटाची चौकशी करत असतात.

आणि जून-जुलै.
होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली,
एस्पेरांसाच्या जागी सुके बांगडे, सुंगटं, माश्या.
ओला बांगडा : उपलब्ध नाही.
तेव्हा नियम असा, की बाकीच्यांच्या चालीवरून
त्याची चाल धरायची.
म्हणजे दोन महिने
कागदावरचा बांगडा
समुद्राशिवाय महाग होत राहतो.

शंभर म्हणजे आधारवर्ष.
मी तिला एकदा समजावायला गेलो :
ते वर्ष शंभर मानायचं, आणि मग पुढचं सगळं त्याच्याशी…
कुठलं वर्ष? तिने विचारलं.
मी सांगितलं.
ती थोडा वेळ सुरी पुसत राहिली.
त्या वर्षी इनास होता, म्हणाली.
वाट्याला नऊ यायचे.

परवा एक म्हातारी आली, डिचोलीकडची असावी,
रुमालाच्या गाठीत शंभराची एक नोट, वर दहा-दहाच्या चार.
मी बाजूलाच, पेन उघडं.
एस्पेरांसाने घासाघीस केली नाही,
दर खाली आणला नाही,
वाटा मोडला.
तीन बांगडे पिशवीत टाकले,
मग बोलता बोलता, दुसरीकडेच पाहत,
चौथा.
नोटा मोजल्या नाहीत.

मी काटा पुढे केला नाही. पण हिशेब मनात सुरू झाला होता,
सवयच ती :
चाराला एकशे चाळीस, म्हणजे
एकाला पस्तीस,
म्हणजे बाजार उतरला म्हणायचा का आज
एका गिऱ्हाइकापुरता?

तिने माझ्या पेनाकडे पाहिलं.
"तें बरोवं नाका," म्हणाली.
आणि मागून, नेहमीसारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं :
"तूं विचारता मात रे,
घेना कितेंच."