शेरेबुक

पहिल्यांदा कळवून गेले.
दाराशी पिवळ्या फुलांच्या दोन कुंड्या,
भिंतीवर फ्रेम केलेलं लायसन्स,
शेजारी आठवड्याचा मेनू: मंगळवारी मसूर सूप.
लुर्देसने चहा दिला, महिन्याचा आकडा सांगितला.
आकडा ऐकून मी बिनसाखरेचा चहा
बराच वेळ ढवळत बसले.

आत्या म्हणायची,
कळवून गेलं की शाळेत फक्त रांगोळी दिसते.
बत्तीस वर्षं तपासनीस होती ती, गुहागर तालुक्यात.
एसटीने, तरीने, पुढे चपला हातात घेऊन.
हेडमास्तर पोह्यांची बशी घेऊन धावायचे
आणि ही आधी मागच्या पडवीत जाऊन
माठात हात घालून तळ चाचपायची.
"फळ्यावर सुविचार कुणीही लिहितं गं."

म्हणून दुसऱ्यांदा न कळवता गेले,
दुपारी साडेचारला,
स्टॉक्टनच्या उन्हात गाडीचं दार हाताला चटका देत होतं.
मागच्या बाजूने शिरले.
कचऱ्याच्या डब्यांना झाकणं होती.
न्हाणीघरात नळाखाली मनगट धरलं,
मग घंटीची दोरी ओढली आणि घड्याळ बघितलं.
चाळीस सेकंद. लुर्देस धावत आली, हाताला पीठ.
मी म्हटलं, चुकून ओढली.
ती म्हणाली, सगळ्यांच्या मुली चुकूनच ओढतात.

हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत मिस्टर हॅल्वर्सन.
(शेवटच्या बाकावरच्याला विचारावं,
पहिल्या बाकाला सगळंच येत असतं.)
इथं कसं वाटतं?
"जेवण गरम असतं. रात्री लांब असतात."
मग हळूच, "पत्त्यांत मी तिला जिंकू देतो. सांगू नका."
मी वहीत लिहिलं: जेवण, गरम.
रात्रीपुढे काय लिहावं ते सुचेना.

तिसऱ्यांदा आत्याला घेऊन गेले.
कशासाठी ते सांगितलं नाही.
हल्ली ती मला कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारते,
कधी नुसतं बाई म्हणते.
गॅस दोनदा चालू राहिला. एकदा पहाटे
शेजाऱ्यांच्या लॉनवर चपला शोधताना सापडली.
हे मी कुणाला समजावून सांगतेय?

दारातच तिची पाठ ताठ झाली.
निऱ्या सारख्या केल्या, पर्स डाव्या काखेत.
लुर्देसने हात पुढे केला, तर हिने
तो उलटासुलटा करून नखं तपासली. मान हलवली.
बोट लावून पलंग मोजले.
भाताच्या कुकरचं झाकण उघडायला लावलं,
एक शीत चिमटीत दाबून बघितलं.
मिस्टर हॅल्वर्सनना म्हणाली, "बस बाळ, बस."
ते उभे नव्हतेच. तरी जरा नीट बसले.

खिडकीकडची खोली रिकामी.
गादीवर नवं प्लॅस्टिक,
भिंतीवर कुणाच्या तरी फोटोएवढा फिकट चौकोन.
तिथे ती खूप वेळ थांबली.

निघताना दाराजवळ पाहुण्यांची वही:
नाव, वेळ, कुणाला भेटायला.
तिने पेन मागितलं.
काल जिला स्वतःचं आडनाव सापडत नव्हतं
तिने सगळे रकाने ओलांडून, वळणदार अक्षरात लिहिलं:

पट ६. हजर ५.
एक गैरहजर. कारण नोंदलेले नाही.
भात चांगला.
पुन्हा भेट द्यावी लागेल.

खाली लफ्फेदार सही
आणि तारीख एकोणीसशे एक्क्याऐंशीची.

काय लिहिलंय, लुर्देसने विचारलं.
मी सांगितलं, भात चांगला.

गाडीत पट्टा लावून घेताना आत्या म्हणाली,
"बाई बरी आहे. पण एकटीवर आहे सगळं. एकशिक्षकी."
गाडी वळेपर्यंत मागच्या काचेतून बघत राहिली.
"त्या सहाव्याच्या घरी
कुणी जाऊन आलं का गं?"