रिकाम्या गाडीचं वजन

महापेच्या ऑफिसात साडेनऊला एसी बंद होतो.
मग खिडकी उघडते मी,
आणि मागच्या गल्लीतला केमिकलचा गोडसर वास
आत येऊन बसतो.
समोर आमची रेपॉझिटरी:
तुर्भ्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर.
सगळा कोड मिळून चार एमबी,
उतरवून घ्यायला लागतात पावणेतीन जीबी.

ताहिर नवा आहे. दुपारी म्हणाला,
मॅडम, यात हत्ती बसलाय का?
बसलाय.
पण फोल्डरमध्ये शोधून सापडायचा नाही.
फाइल तीन वर्षांपूर्वीच उडवली धोत्र्यांनी,
वर लिहिलं, 'कचरा काढला'.
काढला म्हणजे दाराआड सरकवला.
इथे काढल्याची नोंद राहते, ठेवल्याचीही,
आणि नव्याने येणाऱ्याला
पहिल्या दिवसापासूनचं ओझं पाठीवर घ्यावं लागतं.

आधी एक पूर्ण प्रत बाजूला ठेवली.
मग जाड फाइलींची यादी. बाकी सगळे मच्छर,
एकच 'काटा फायनल खरंच फायनल':
तीन तासांचा व्हिडिओ.
ट्रक येतो, थांबतो, आकडा स्थिरावतो, जातो.
कांदा, कांदा, बटाटा, कांदा.
मध्येच एक कुत्रं काट्यावर झोपलेलं.
पंधरा किलो.

हुकूम दिला. चाळीस सेकंद.
त्या तारखेनंतरच्या प्रत्येक नोंदीला नवा क्रमांक,
मजकूर तोच, माणूस तोच, वार तोच.
कारण प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या
खांद्यावर हात ठेवून उभी असते;
एकीने अंग चोरलं की मागची सगळी रांग हलते.
धोत्र्यांची 'आता चालतंय, कुणी हात लावू नका'
नऊ-सी-चारने सुरू व्हायची. पाठ होती मला.
आता ती कुणीतरी वेगळीच आहे.

पावणेतीन जीबीचे अकरा एमबी झाले.
टाळी द्यायला कुणी नव्हतं.
सवयीने माणसं मोजली.
आधी अकरा होती. आता दहा.

दर्शना मढवी, गोठिवलीची.
दोन महिने इंटर्न. डब्यात सुकट,
मायक्रोवेव्हवरून भांडण.
तुर्भ्याला उलट्या क्रेटवर बसून
तीन तास मोबाइल धरला होता तिने
कुणी सांगितलं म्हणून,
आणि अख्खा व्हिडिओ आत टाकला
कुणी सांगितलं नाही म्हणून.
धोत्रे सगळ्यांसमोर बोलले होते तिला.
मीही होते तिथे. चहा पीत होते.
तिची एवढी एकच नोंद.
फाइल गेली, नोंद पोकळ झाली,
आणि पोकळ नोंदी यंत्र आपणहून खुडून टाकतं.
नियम आहे. चांगला नियम आहे.

बाजूची प्रत काढली. पुन्हा चालवलं,
या खेपेला बजावून: रिकाम्या राहू देत.
चाळीस सेकंद. अकरा माणसं.
'व्हिडिओ टाकला आहे. उशीर झाला, सॉरी सर.'
आत काही नाही.

मग सगळ्यांना निरोप:
जुन्या प्रती फेका, नव्या घ्या.
एकाने जरी जुन्यातून ढकललं
तर हत्ती परत दारात.
अंगठे आले. धोत्र्यांचा फोनच आला, माजिवड्याहून:
ती मधली रिकामी कशाला ठेवली?

म्हटलं, सर, तुर्भ्याला
रिकाम्या गाडीचंही वजन लिहून घेतात ना,
त्याशिवाय माल किती होता ते कळत नाही.

पलीकडे टीव्हीचा आवाज.
मग म्हणाले, ताहिरला सांग,
उद्या आल्या आल्या जुनी प्रत उडव म्हणावं.