शेजार दिसला पाहिजे

हवामान सांगणाऱ्या बाईनं गुरुवारीच बजावलं होतं.
तरी शुक्रवारी दुपारी शेताच्या फाटकातून
एकवीस गाड्या आत आल्या,
चिखलात रुतल्या आणि तिथंच राहिल्या.

वेल्सचा हा मधला डोंगराळ भाग.
माणसांपेक्षा मेंढ्या जास्त,
मेंढ्यांपेक्षा पाऊस,
आणि रस्त्यावरचा शेवटचा दिवा नऊ मैल मागे.
अंधार इथं मुबलक, त्यासाठीच तर येतो.
अंधार मिळाला. पुरेपूर.
फक्त त्यात काही ठेवलेलं नव्हतं.

इव्होरनं चौतीस वर्षं बस चालवली.
निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत अकरा महिने
पिंपाभोवती फेऱ्या मारत
काचेवर काच घासली.
बायको म्हणायची, एवढ्या फेऱ्या
चॅपलच्या वाटेवर मारल्या असत्यास
तर स्वर्ग आणखी जवळून दिसला असता.
तो आरसा आता ताडपत्रीखाली,
ताडपत्रीवर दुसरी ताडपत्री,
आणि इव्होर स्वतः भिजत बाजूला उभा,
आजारी गाईजवळ उभं राहावं तसा.

शनिवारी सकाळी पावसानं जरा दम खाल्ला
तेव्हा समोरच्या उतारावर दुर्बीण रोखली.
मेंढी दिसली. उलटी.
आभाळाला पाय लावून गवत खाणारी,
कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर ४१७.
रांग लागली. खरंच, रांग.
टेग्वेन सुईण आहे. तिनं डोळा लावला, म्हणाली,
ही पायाळूच.
नऊ वर्षांच्या मॅक्सननं वहीत नोंद केली:
वस्तू क्रमांक ४१७. पांढरी. कडा पुसट. हलते.

रात्री मोठ्या तंबूत गरम सूप,
आणि लाल कागद चिकटवलेल्या बॅटऱ्या,
डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून.
सवय कशासाठी जपायची, कुणी विचारलं नाही.
इव्होर उठला. हातात पळी.
ती तंबूच्या छताकडे रोखून म्हणाला,
ही शर्मिष्ठा. इथून खाली, सावकाश, वळण आहे,
डाव्या हाताला देवयानी.
कृत्तिका पुढच्या थांब्यावर,
त्या गळतीला लागून.
आम्ही माना वर करून पाहत होतो
ओलं कापड, शिवण, एक भिजलेला कोळी.
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसलो.

पहाटे दोन चाळीसला एलिनेडबाई
शेताच्या कडेला जायला उठल्या.
ऐंशी ओलांडल्याचा हा एक फायदा.
आणि मग पातेल्यावर चमचा, पातेल्यावर चमचा!
मोज्यांविना बुटांत, स्वेटर उलटे,
एक जण तर नुसत्या टॉवेलात,
धावलो.
ढगात फट. रुमालाएवढी.
फटीत तारा.

एकच.

ब्रह्महृदय, इव्होर म्हणाला.
रोहिणी, टेग्वेन म्हणाली, तांबूस नाही का?
तांबूस तुझी बॅटरी आहे.
विमान असेल, टॉवेलवाला म्हणाला.
शेजार दिसला पाहिजे, इव्होर पुटपुटला,
एकट्या ताऱ्याची ओळख पटत नाही,
आजूबाजूला कोण राहतं ते कळावं लागतं.
बोटं ताडपत्रीच्या गाठीशी झटत होती.
भिजलेली दोरी फुगते.
दुसरी गाठ सुटली तेव्हा
फट मिटली होती.

चार मिनिटं होती, एलिनेडबाई म्हणाल्या.
कसली चार, अडीच.
त्यावर वाद. वादावर चहा.
पाऊस परत कधी लागला कळलं नाही,
झोपायला कुणीच गेलं नाही.

झोपलेला एकटा मॅक्सन.
सकाळी त्याला सांगितलं. रडला नाही,
फक्त वही उघडून विचारलं, कसा होता?
आम्ही सात जणांनी सात तारे सांगितले.
त्यानं सातही लिहून घेतले,
नावाची जागा मोकळी ठेवली.

रविवारी ट्रॅक्टरनं एकेक गाडी ओढून काढली.
फाटकापाशी इव्होरनं खिडकीची काच खाली केली,
पुढच्या वर्षी हाच आठवडा?
पाऊस सरळ आत, त्याच्या मांडीवर.
तरी काच उघडीच ठेवून थांबला,
मागून पळत येणारा कुणी राहिला नाही ना, बघत,
आम्ही सगळे हो म्हणेपर्यंत.