मापांची वही

माझी वही दोन्ही बाजूंनी सुरू होते.
पुढून पुरुष : खांदा, छाती, बाही, विजारीची उंची.
उलटी केली की बायका.
दोन्हीकडून भरत भरत पानं जिथं भेटायची,
त्या पिना मारलेल्या मधल्या पानावर
एकाहत्तर सालापासून एकच नाव आहे :
कायतान रिबेलो. कंबर सत्तावीस.

वास्कोत तेव्हा वाळत घातलेला पांढरा सदरा
संध्याकाळपर्यंत तांबडा व्हायचा,
बंदरावरून खनिजाची धूळ यायची.
दिवसा तो धक्क्यावर बार्जमधला माल टिपायचा,
कानावर पेन्सिल, भांग चोपून बसवलेला.
रात्री खारेवाड्यात, बर्फाच्या कारखान्याखाली
चौदा पायऱ्या उतरून
मिस जुवारी व्हायचा.

नदीचं नाव घेतलंस का, मी विचारलं.
नदीचंही, म्हणाला, आणि जुगाऱ्याचंही, मेस्त.
असेल नसेल ते एका पत्त्यावर.

पहिला झगा मोरपंखी. दोन हजार टिकल्या
दार लावून शिवल्या.
बायको म्हणाली, कुणाच्या लग्नाचं एवढं?
मी म्हटलं, फेस्ताचं काम आहे, सायबिणीचा झगा.
खोटं बोललो.
अगदीच खोटंही नाही.

मी एकदाच गेलो तिथं,
आणि पाचव्या पायरीवरच बसलो.
वरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं,
खाली ग्रीक खलाशी, खाणीवरचे कारकून,
रविवारी इगर्जीत व्हायोलिन वाजवणारा मिंगेल
इथं खाली मान घालून तेच व्हायोलिन वाजवत होता.
आधी खांदा आला. मग ती आली.
कस्टमच्या साहेबाच्या टकलावर थेंब पडला,
तो तिनं पिसांनी टिपला आणि विचारलं,
परदेशी माल दिसतो, ड्यूटी भरलीस का रे याची?
सगळा तळघर हसला. साहेबसुद्धा.
मी पाहत होतो डाव्या कुशीची शिवण,
उसवली तर, म्हणून जीव मुठीत धरून.
लोकांना काय वाटायचं ते वाटू दे.

धाड पडली त्या रात्री ती
मागल्या दारानं मासळीच्या ट्रकात शिरली,
इसवणांच्या मधे, बर्फात, आडवी,
थेट मडगावपर्यंत.
शिपायानं बॅटरी मारली म्हणे,
सगळंच चमकत होतं.
सकाळी झगा माझ्या टेबलावर आपटून म्हणाला,
धू, आणि लवकर दे.
मी खवले वेचत बसलो. दोन मात्र
टिकल्यांच्या ओळीत तसेच शिवून टाकले.
शेवटपर्यंत ओळखले नाहीत कुणी.

आई गेली तेव्हा काळा कोट मागायला आला.
चिंचिणीला जायचं होतं, भावांच्या मधे उभं राहायला.
हात सरळ खाली सोडून उभा राहिला,
आणि मला माप सापडेना.
टेप तीच, माणूस तोच, आकडे भलतेच.
मी म्हटलं, कायतान, नेहमीसारखा उभा राहा.
तो हसला, मग रडला,
मग एक खांदा किंचित वर गेला.
तेवढ्यात मी लिहून घेतलं.

आता कारखान्याच्या जागी मोबाईलची दुकानं.
पायऱ्या आहेत म्हणतात, वर फरशी घातलीय.

परवा स्विंडनहून फोन. गोदामात खोकी बांधतो,
गुडघे गेलेत, पण शनिवारी, म्हणाला,
म्हाताऱ्यांच्या क्लबात थोडंसं...
इथल्या शिंप्याला सांगता येत नाही, मेस्त.
वहीत मी आहे ना अजून?
आहेस. पिना गंजल्यात.
कंबर किती लिहिलीयस?
सत्तावीस.
खोटं, तो म्हणाला. अठ्ठावीस होती.
श्वास धरला होता मी.

माहीत होतं मला.
प्रत्येक झग्यात, दोन्ही कुशींना मिळून,
एक इंच दुमडून ठेवायचो आत.