एकोणचाळीस नंबरची भेग

गडहिंग्लज मागं टाकून आजऱ्याकडं निघालं
की डाव्या हाताला एक बंद खाण लागते.
कोल्हापूर म्हणजे काळा दगड, असं सगळे म्हणतात.
इथं मात्र त्या काळ्याच्याही आधीची वाळू आहे,
थरावर थर बसून दगड झालेली,
आणि मग सतरंजी दोन्ही टोकांनी रेटावी
तशी मधोमध उचललेली.

होकायंत्र, टेप, वही.
सोबत सिद्राम पात्रुट, चहाच्या बोलीवर.
त्याचा उजवा कान गेलाय,
म्हणून मी डावीकडून चालते.

मी सांगते, थर वाकतो तेव्हा पाठ ताणते, पोट चेपतं,
पाठीवरच्या भेगा उघडतात.
तो म्हणतो, गुळाचं बी तसंच की.
काहिलीतनं काढल्या काढल्या वाकतोय,
निवला की मोडतोय.
मग ह्यो डोंगूर ऊन हुता का निवलेला?

दोन्ही.
खोल होता तेव्हा वाकला,
वर येता येता मोडला.
आणि काही भेगा तर वाकण्याच्याही आधीच्या,
थर कलला तशा त्याही कलल्या.
"म्हंजे चिरलेलंच वाकलं."
माझ्या प्रबंधात याला सव्वीस पानं लागलीत.

कोणती आधी, कोणती नंतर, हे ओळखायचं कसं?
नंतरची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते.
पण आधीची गारगोटीनं भरून आली असेल
तर नंतरची तिला ओलांडून सरळ जाते.
भरलेली अडवत नाही.
उघडी राहिलेली अडवते.

एकोणचाळीसावी जरा वेगळी,
एका बिंदूतून फुटलेली, कोंबड्याच्या पायासारखी.
मी कोन घ्यायला वाकले.
"ती नगं लिवू. ती डोंगराची न्हाई.
आमची हाय."
त्यानं सुरुंगाच्या भोकाची उरलेली अर्धी नळी दाखवली,
आत बोट फिरवलं.
"यल्लू थितं हुबा हुता. धाकला."

मग बोट भेगेवर ठेवून चालू लागला.
एक पांढरी शीर ओलांडली.
दुसरी ओलांडली.
पुढं एक काळी, उघडी फट,
तिच्यात नेचं उगवलेलं, मुंग्यांची ये-जा.
भेग तिथं संपली. बोटही.

"हितं का थांबली आसंल?"

उत्तर मला येत होतं, दोन वाक्यांचं.
दिलंही.
पण बोलताना मी त्याच्या उजवीकडं होते.

संध्याकाळी गाडीत बसून वही पुरी केली.
दिशा लिहिली, उतार, लांबी, रुंदी.
वयाच्या रकान्यात वरून खालपर्यंत
कोटी कोटी वर्षं होती.
एकोणचाळीससमोर लिहिलं,
त्यानं सांगितलं तसंच:
बेंदराआधीचा मंगळवार.